फाटकाच्या आत

बाबुराव बागूलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ (१९६३) या कथेचा नायक खोलीसाठी जात दडवतो. उघड होताच मार खातो. मुलुंडच्या आमच्या फाटकबंद सोसायटीत कुणी मारीत नाही. आडनाव विचारतात, मग हसून, ‘शाकाहारी ना?’ २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीला सभासदत्व पारशांपुरतेच ठेवू दिले. म्हणजे कुंपणाला कायद्याचाही टेकू आहे. आमची बहुतेक आत्मकथने मात्र या फाटकाशी येऊन थांबतात. आतले लिहायला आम्ही नवे पांढरपेशे भितो. मीही भितो. सामानाच्या लिफ्टने कामाला येणाऱ्या बाई मला ‘जय भीम’ म्हणतात. मी उत्तर देतो, पण दार लावून घेतल्यावर.