उसन्या सुरांकडून स्वतःच्या नावाकडे

रॉक संगीताविषयी आपल्या घरांत दोनच मते ऐकू येतात : तरुणांना ते वेड लावते, वडीलधाऱ्यांना तो गोंगाट वाटतो. दोन्ही पक्षांनी ऐकण्याचे श्रम मात्र टाळलेले असतात. मुंबईच्या 'रॉक मशीन' या वाद्यवृंदाची सुरुवातीची वाटचाल हे श्रम घेण्याजोगी आहे.

१९८४ मध्ये हा वृंद स्थापन झाला. उदय बेनेगल, महेश तिनईकर, मार्क सेल्विन, मार्क मेनेझिस, झुबिन बालपोरिया, जयेश गांधी ही त्यातली पुढे स्थिरावलेली नावे. त्या काळी परदेशी गाणी हुबेहूब वाजवणे हीच कसोटी मानली जाई. धोबीतलावचे रंगभवन हे अशा मैफलींचे माहेरघर. पळसदरीहून लोकलने बोरीबंदर गाठले की पायी जाण्याच्या अंतरावर! तिथला श्रोता ओळखीच्याच गाण्याची फर्माईश करी. चित्रपटाचा आधार नसताना त्याच्यापुढे स्वतः रचलेले इंग्रजी गाणे ठेवणे म्हणजे टाळ्या गमावण्याची तयारी ठेवणे. हे धाडस १९८८ च्या 'रॉक एन् रोल रेनिगेड' या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत दिसते.

तरीही एक आक्षेप राहतोच. गाणी स्वतःची, पण आविर्भाव कोणाचा? या बंडखोराने नेमके कोणाविरुद्ध बंड केले, हे शेवटपर्यंत उमगत नाही. गिटारवरचा हात तयार आहे, अंगरखा मात्र परदेशी बेताचा. (देवळात गिटार वाजवणारी आपली मुले याहून फार वेगळे करतात असे नाही.) १९९० च्या 'द सेकंड कमिंग'नंतर वृंदालाही जुने नाव अपुरे वाटले असावे, कारण १९९३ मध्ये त्यांनी ते टाकून 'इंडस क्रीड' हे नाव घेतले. इंडस म्हणजे सिंधू; आणि क्रीड म्हणजे काय, हे दर रविवारी विश्वासांगीकार म्हणणाऱ्यांना सांगायला नको. यंत्राचे नाव सोडून नदीचे आणि श्रद्धेचे नाव घेणे ही केवळ जाहिरात नव्हे, असे मला वाटते.

१९९५ मध्ये नव्या नावाची ध्वनिमुद्रिका आली आणि १९९७ मध्ये वृंद विसर्जित झाला. बेनेगल व गांधी यांनी न्यूयॉर्कमध्ये 'आम्स फॉर शांती' हा वृंद उभारून भारतीय रंगाचे संगीत केले; म्हणजे मातीचा सूर त्यांना परदेशी गेल्यावर अधिक मोकळेपणी सापडला. २०१० मध्ये 'इंडस क्रीड' पुन्हा एकत्र आला आणि २०१२ मध्ये त्यांची 'इव्हॉल्व्ह' प्रसिद्ध झाली.