पिरॅमिडचे श्रमिक : पुराव्याच्या अन्वयार्थाची मर्यादा
गिझाचा महापिरॅमिड एक लक्ष माणसांनी तीन-तीन महिन्यांच्या पाळ्यांत उभारला, असे हिरोडोटसने नोंदविले. तो बांधकामानंतर सुमारे दोन हजार वर्षांनी इजिप्तमध्ये गेला होता. पुढे लोकमानसात ही माणसे गुलाम ठरली. १९९० नंतर झाही हवास यांनी उजेडात आणलेली श्रमिकांची दफनभूमी आणि मार्क लेहनर यांनी उत्खनन केलेली वसाहत यांमुळे या प्रतिमेला तडा गेला. पाव भाजण्याच्या जागा, गुराढोरांची व शेळ्यामेंढ्यांची हाडे, जुळून आलेले अस्थिभंग यांवरून अन्न व उपचार मिळत होते, हे मान्य करावे लागते. मात्र त्यावरून हे श्रम स्वेच्छेचे, किंबहुना राष्ट्राभिमानाचे होते असा निष्कर्ष काढला जातो, तेव्हा अभ्यासक पुराव्याच्या पुढे धावतो. वेठीला धरलेल्या माणसालाही जेवू घालावेच लागते! २०१३ मध्ये पिएर ताले यांच्या पथकाला वाडी अल-जर्फ येथे सापडलेल्या पपायरसांतील मेरेरची रोजनिशीही येथे अपुरी पडते. तुरा येथील चुनखडी नावेने गिझाकडे नेल्याच्या खेपा तीत तपशीलवार आहेत. परंतु मेरेर हा पथकप्रमुख होता; दगड ओढणाऱ्यांना काय वाटत होते, हे लिहिणे त्याचे काम नव्हते.