व्यवस्थापन विषयातील लघुशोधप्रबंध : गृहीतकाची कसोटी
व्यवस्थापन विषयातील पदव्युत्तर लघुशोधप्रबंधांत पुष्कळदा शीर्षक व प्रश्नावली आधी ठरते. संशोधनप्रश्न मागाहून शोधला जातो. कोऱ्हाळे बुद्रुकसारख्या ऊसपट्ट्यातील गावात ‘कारखान्याचे सभासद समाधानी आहेत’ हे गृहीतक नुसत्या मतांवर तपासता येत नाही. १९६६ च्या ऊस (नियंत्रण) आदेशाने, विरुद्ध लेखी करार नसल्यास, ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत किंमत देण्याची मुदत घातली. विलंबास वार्षिक १५ टक्के व्याज ठरविले. वजनपावती आणि बँकेतील जमा यांच्या तारखा ताडून पाहिल्यास गृहीतक टिकते किंवा खोटे ठरते. म्हणून आराखड्यात प्रथम निकष, नंतर नोंदी व शेवटी प्रश्नावली यावी. मार्गदर्शकांनी मान्यता देण्यापूर्वी हा क्रम तपासावा. अन्यथा बिलाची वाट पाहणारा ऊस उत्पादकही तक्त्यात ‘समाधानी’ म्हणून नोंदला जाईल.