रेवतीची उंची

काळात मागं-पुढं जाण्याच्या गोष्टी म्हणजे पोरासोरांचं वाचन, असं आमच्या वाचनालयातले बरेच सभासद मानतात. ऐतिहासिक कादंबरी त्यांना चालते. म्हणजे तीनशे वर्षं मागं गेलेलं चालतं, फक्त यंत्रात बसून गेलेलं चालत नाही. मी शेतकरी माणूस. शिक्षण दहावी, तेही १९७५ साली नव्या दहावीची पहिली बॅच निघाली त्यातलं. समीक्षेची भाषा मला येत नाही. पण तीस-पस्तीस वर्षं ड वर्गाच्या वाचनालयाची कपाटं उपसल्यावर कुठलं बी उगवलं आणि कुठलं कुजलं एवढं तर सांगता येतं. म्हणून हे लिहितोय.

यातली पहिली गोष्ट मला पुस्तकात नाही, हरिनाम सप्ताहात भेटली. ककुद्मी नावाचा राजा होता, त्याला रेवती नावाची मुलगी. तिच्या तोलाचा नवरा कुठला निवडावा हे ठरेना, म्हणून बाप तिला घेऊन थेट ब्रह्मदेवाकडं गेला. तिथं गंधर्वांचं गाणं रंगलेलं. मधेच कसं बोलावं म्हणून राजा थांबला. गाणं संपल्यावर त्यानं मनातली स्थळं एकेक करून सांगितली, तर ब्रह्मदेव हसायला लागला. म्हणाला, तू इथं उभा होतास तेवढ्यात खाली सत्तावीस चतुर्युगं उलटली. तुझी स्थळं गेली, त्यांची पोरं-नातवंडं गेली, त्यांचं नावसुद्धा आता कुणाच्या कानावर नाही. बलरामाला मुलगी दे, असं सांगून त्यानं दोघांना परत लावलं. खाली येऊन बघतात तर माणसं खुजी झालेली, आणि रेवती आपली जुन्या युगातली, ताडमाड. मग बलरामानं नांगराच्या टोकानं दाबून तिला आपल्या बेताची केली आणि लग्न लागलं. विष्णुपुराणात ही गोष्ट अशी आहे.

महाराजांनी ती हसण्यावारी सांगितली. मांडवात खसखस पिकली. घरी येताना आमची कारभारीण म्हणाली, "दाबून बुटकी केली म्हंजी काय? तिला कुणी इचारलं का?"

मी म्हणालो, "पुराणात तेवढंच लिवलंय."

"मंग लिवणाऱ्यानं इचारायला पायजे हुतं."

यापेक्षा नेमकी समीक्षा मी छापलेली अजून वाचली नाही. तेव्हापासून काळाच्या कुठल्याही गोष्टीकडं मी त्याच नजरेनं बघतो. गेलेला माणूस परत येताना काय घेऊन येतो? आणि परत आल्यावर त्याची मापं जुन्या घराला बसतात का? हा हिशेब ज्यानं चोख लिहिला त्याची गोष्ट टिकते. बाकीची नुसती जत्रेतली पाळण्याची फेरी.

जयंत नारळीकर हे नाव आम्ही रेडिओवर ऐकलेलं. केंब्रिजला शिकलेले, पुण्यात आयुका उभी केलेले शास्त्रज्ञ. असा माणूस गोष्टी लिहितो हे मला फार उशिरा कळलं. पहिली गोष्ट त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली ती स्वतःच्या नावानं नव्हेच. आपली आद्याक्षरं उलटी करून नारायण विनायक जगताप असं नाव घेतलं आणि त्या नावावर पहिलं बक्षीस मिळवलं. बैलबाजारात धन्याचं नाव न सांगता बैल उभा करावा, घेणाऱ्यानं दात आणि चाल बघून किंमत करावी, तसं हे. मला ते फार पटलं.

त्यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही गोष्ट ज्यानं वाचली नसेल त्यानं आधी ती वाचावी. अंगानं लहान आहे, एका बैठकीत होते. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अपघातानंतर भलत्याच जगात जाऊन पडतात. तिथं १७६१ सालचं पानिपत मराठ्यांनी जिंकलेलं असतं. का, तर विश्वासरावांना लागायची गोळी कानाजवळून निघून गेली म्हणून. एवढ्याशा फरकानं पुढं सगळंच वेगळं. पंत मुंबईला जातात तर तिथं कंपनी सरकारचा कारभार अजून चालू. ग्रंथालयात बसून ते त्या जगाचा इतिहास वाचून काढतात. संध्याकाळी आझाद मैदानावर एक सभा चाललेली असते. व्यासपीठावर अध्यक्षाची खुर्चीच रिकामी बघून या माणसाला राहवत नाही. हयातभर अध्यक्षपद भूषवलेला माणूस तो, सरळ जाऊन बसतो. पण त्या जगातल्या लोकांनी अध्यक्ष, आभार, प्रास्ताविक हा सगळा प्रकार कधीच मोडीत काढलेला असतो. पंत उठेनात तेव्हा टोमॅटो आणि अंडी यायला लागतात.

मी ग्रामसभेपासून कारखान्याच्या वार्षिक सभेपर्यंत सगळ्या सतरंज्यांवर बसलेलो आहे. पानिपत जिंकल्यावर काय-काय मिळालं असतं याची यादी कुणीही करील. पण त्यात 'अध्यक्षाविना सभा' हे घालायला नारळीकरच पाहिजेत.

उणं सांगायचं तर शेवटी शास्त्र समजावणारा मित्र येतो आणि गोष्टीचा तास होऊन बसतो. माणसंही फळ्यावर खडूनं काढल्यासारखी आहेत, रेघ सरळ, पण अंगात मांस कमी. माझी दुसरी तक्रार जास्त खोल आहे. पंत पुण्याहून मुंबईला गेले, वाटेत एखाद्या गावाला उतरले नाहीत. आमच्याकडं पीक गेलं की 'पानिपत झालं' म्हणतात. मग पानिपत जिंकलेल्या जगात आमचं काय झालं होतं? सारा किती होता? सावकार होता का गेला होता? विहिरीवर मोट होती का आणखी काही? याचं उत्तर गोष्टीत नाही. पण वाचून झाल्यावर हे प्रश्न पडतात, पंधरा-पंधरा दिवस पडत राहतात, हे त्या गोष्टीचंच देणं. पंतांच्या खिशात त्या जगातल्या बखरीचं एक फाटकं पान येतं, ते मात्र माझ्या हिशेबाला उतरतं. नारळीकर २० मे २०२५ ला गेले. त्या आठवड्यात मी ती गोष्ट परत काढून वाचली. खुर्चीपाशी परत हसलो.

त्यांची 'वामन परत न आला' ही कादंबरीही चांगली आहे. फार जुन्या लोकांनी जमिनीच्या पोटात ठेवून दिलेलं ज्ञान आजच्या माणसाला सापडतं, अशी तिची सुरुवात. तिच्यात वेग आहे. पण परतीचा हिशेब तीत निराळ्या जातीचा आहे, म्हणून इथं जास्त लांबवत नाही.

आता एच. जी. वेल्स. त्यांचं 'टाइम मशीन' १८९५ सालचं. मला मिळालेलं मराठी रूपांतर मुखपृष्ठ नसलेलं, मधलीही पानं गेलेली. पुण्यातला नातू सुट्टीला आला तेव्हा त्यानं मोबाईलवर मूळ इंग्रजी काढलं आणि रोज रात्री थोडं-थोडं मराठीत सांगितलं. त्याचा त्याला कंटाळा, मला चटक.

लंडनजवळ राहणारा एक माणूस यंत्र बनवतो आणि थेट ८,०२,७०१ या सालात जातो. तिथं दोन जातींची माणसं. वर उजेडात राहणारी नाजूक, गोड, निरुद्योगी. ती फळं खातात, फुलं माळतात आणि अंधाराला भितात. खाली भुयारात यंत्रं चालवणारी दुसरी जात, उजेड न सोसणारी. वरच्यांना कपडालत्ता खालचे पुरवतात आणि रात्री वर येऊन वरच्यांनाच खातात. मालक-मजूर ही दरी लाखो वर्षं वाढत गेली तर काय होईल, ते वेल्सनं असं दाखवलंय. मजूर लावून शेती करणाऱ्या प्रत्येकानं ही कादंबरी वाचावी, हसत-हसत वाचता येणार नाही.

पण मी अडखळलो ते एका साध्या वाक्यापाशी. घोडे, गुरं, मेंढरं, कुत्री कधीच नामशेष झालीत, असं तो जाता-जाता सांगतो आणि पुढं निघून जातो. मी नातवाला थांबवलं. म्हणालो, "परत वाच." सगळा मुलूख बागेसारखा, आणि एक गोठा नाही. मग शेणखत कुठलं? एवढी फळं कशावर आली? वेल्सनं यावर डोकं घातलेलं नाही. शहरगावचा माणूस, त्याला फळ झाडाला आपोआप लागतं असं वाटणारच. तरी ते एक वाक्य त्यानं लिहिलं, ते मी विसरलेलो नाही.

आणि हिशेब? तो फार बारीक आहे. परत आलेल्या माणसाच्या खिशात तिथल्या एका मुलीनं घातलेली दोन सुकलेली फुलं असतात. त्याहून मोठी गोष्ट यंत्राची. ते यंत्र काळात फिरतं, जागचं हलत नाही. पण भविष्यात भुयारवाल्यांनी ते ओढून एका चौथऱ्यात लपवलेलं असतं, आणि म्हणून परत येतं तेव्हा खोलीच्या एका कोपऱ्यातून निघालेलं यंत्र दुसऱ्या बाजूच्या भिंतीला लागून उभं असतं. जेवढं तिकडं ओढलं, तेवढंच इकडं सरकलेलं! हे मला तलाठ्याच्या मोजणीपेक्षा खरं वाटलं.

ते का, हे सांगितलं पाहिजे. आमचं जुनं गाव उजनीच्या पाण्यात आहे. भीमेवर धरण झालं, पाणी चढत आलं आणि आम्ही भांडी-कुंडी बैलगाडीत घालून उठलो. मला तेव्हा मिसरूड फुटत होतं. पुनर्वसनाचं नवं गावठाण मिळालं ते माळावर, कितीतरी कोस लांब. आता समजा, मला कुणी वेल्सचं यंत्र आणून दिलं. मी नव्या घराच्या अंगणात बसून पन्नास वर्षं मागं गेलो, तर कुठं उतरीन? दुसऱ्याच कुणाच्या तरी गायरानात. बाभळीच्या काट्यात. आमच्या गावाला जायचं तर यंत्र आधी होडीत घालावं लागेल, पाण्याच्या बरोबर मधोमध नेऊन मग दांडा ओढावा लागेल. नातवाला हे सांगितलं तर तो खो-खो हसला. मीही हसलो. पण विस्थापित माणसाला काळाबरोबर जागाही परत पाहिजे असते, आणि ते यंत्र अजून कुठल्या लेखकानं बनवलेलं माझ्या वाचनात नाही.

ज्या उन्हाळ्यात उजनी उणेमध्ये जातं, त्या उन्हाळ्यात पाणी मागं सरतं. पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, लोक फोटो काढायला येतात. आमच्याही गावाची जोती दिसतात. एकदा धाकट्या भावाला घेऊन गेलो. गाळ वाळून त्याला भेगा पडलेल्या. देवळाची पायरी सापडली, तिथून घर मोजायचं ठरवलं. लहानपणी मी देवळापासून घरापर्यंत पावलं मोजत यायचो, नव्वद व्हायची. साठ टाकली आणि भाऊ म्हणाला, "दादा, म्होरं कुठं निघालास? चूल हितं हुती." पायाखाली तीन दगड तसेच होते. माझी ढांग वाढलेली, घर तेवढंच राहिलेलं. रेवतीला खाली आल्यावर काय वाटलं असेल, ते त्या गाळात थोडंसं समजलं.

तर यंत्र नसलेल्या दोन कादंबऱ्याही मी याच कपाटात ठेवतो. वाचनालयवाले त्यांना ग्रामीण म्हणतात, म्हणोत बापडे. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ सालची. कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीला येतो, शाळा जमवतो, आणि दुष्काळ पडून माणसं डोळ्यांदेखत वाडी सोडून जातात. वाक्यं इतकी आखूड आणि कोरडी, की रडायला जागा ठेवलेली नाही. गाव उठताना कसं उठतं, हे ज्यांनी बघितलं नाही त्यांनी इथं बघावं.

दुसरी आनंद यादवांची 'गोतावळा', १९७१ सालची. नारबा हा मळ्यावरचा गडी, बिनलग्नाचा. बैल, म्हशी, कुत्री, झाडं हाच त्याचा गोतावळा. सगळी कादंबरी त्याच्याच तोंडून, कागलाकडच्या बोलीत. शहरातल्या वाचकाला पहिली दहा-वीस पानं खडे लागतील. चावत राहावं, पुढं गोडी लागते. मालक ट्रॅक्टर आणतो आणि मळ्यातली जनावरं एकेक करून दावणीवरून सुटत जातात. वेल्सनं एका वाक्यात संपवलेली गुरं यादवांनी नावानिशी, रंगानिशी, खोडीनिशी जाताना दाखवलीत. मी स्वतः २००३ साली ट्रॅक्टर घेतला. घेतला म्हणून वाईट वाटत नाही, बैलांच्या मागं चालून वडिलांचे पाय कसे झाले होते ते मी बघितलंय. तरी बैल विकले त्या दिवशी 'गोतावळा' कपाटात होती आणि मी ती उघडली नाही.

कारभारणीला मी यातलं पुष्कळ वाचून दाखवलं. वेल्स तिला आवडला नाही, म्हणाली, "लई अंधार हाय त्यात." गंगाधरपंतांना ती हसली. 'गोतावळा' तिनं पुरी करून घेतली आणि शेवटी नारबाच्या जेवणाचं काय झालं असेल ते विचारलं.

नव्यानं वाचणाऱ्यानं नारळीकरांपासून सुरुवात करावी, मग वेल्स घ्यावा, मग 'बनगरवाडी'. 'गोतावळा' शेवटी. ती पेरणीच्या दिवसांत मात्र काढू नये, कामात लक्ष लागत नाही. आमच्या वाचनालयाची प्रत सध्या माझ्याकडंच आहे. ज्याला पाहिजे त्यानं संध्याकाळी दूध घालून झाल्यावर घरी यावं.