अतिभाराखालील पॅकेटगळती आणि ऑपरेटिंग सिस्टिमचे मौन : जीएमआरटीच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
संगणकीय जाळ्यात पॅकेट हरवले की दोष सामान्यतः तारेला किंवा राउटरला दिला जातो. प्रत्यक्षात भार वाढल्यावर अनेक पॅकेट संगणकापर्यंत सुखरूप पोहोचतात आणि त्यानंतर तेथील ऑपरेटिंग सिस्टिमच ती टाकून देते. हा अपघात नसून धोरण आहे. नारायणगावजवळील खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या उदाहरणावरून या धोरणाची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

समस्येचे स्वरूप :
जीएमआरटीच्या ३० अँटेना पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रामार्फत चालविल्या जातात. अद्ययावत यंत्रणेत ४०० मेगाहर्ट्झपर्यंतच्या पट्ट्यातील संकेत अंकीय रूपात १० गिगाबिट इथरनेटने संगणकांकडे जातात. एवढ्या पट्ट्यासाठी सेकंदाला ८० कोटी नमुने लागतात. प्रत्येक नमुन्यास ४ बिट धरले तरी एका संकेतापोटी सेकंदाला ३.२ गिगाबिट होतात. अशी तार पूर्ण भरली, तर १५०० बाइटचे एकेक पॅकेट सुमारे १.२ मायक्रोसेकंदाने येत राहते.

व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये मांडलेला टीसीपीचा उपाय असा की, गळती दिसताच पाठविणाऱ्याने वेग कमी करावा. येथे मात्र मूळ पाठविणारे आकाश आहे. त्याला थांबविता येत नाही. म्हणून अशा ठिकाणी पुनर्प्रेषण नसलेला यूडीपी वापरला जातो.

धोरणाचे मूल्यमापन :
प्रत्येक पॅकेटागणिक इंटरप्ट आल्यास प्रोसेसरचा सर्व वेळ पॅकेट स्वीकारण्यातच जातो आणि उपयुक्त काम ठप्प होते, हे मोगुल व रामकृष्णन यांनी १९९६ मध्ये दाखविले. लिनक्समधील ‘नापी’ व्यवस्था भार वाढताच इंटरप्ट बंद ठेवते आणि ठरावीक संख्येने पॅकेट उचलते. उरलेली पॅकेट प्रोसेसरचे श्रम खर्च होण्यापूर्वी नेटवर्क कार्डाच्या पातळीवरच गळतात. हे धोरण निश्चितच विवेकी आहे.

उणीव पुढच्या टप्प्यावर आहे. सॉकेटचा बफर भरला की तयार पॅकेट टाकले जाते आणि प्रोग्रॅमला पुढचेच पॅकेट, कोणतीही त्रुटी न कळविता, मिळते. लिनक्सच्या २.६.३३ या २०१० मधील आवृत्तीपासून ही गळती विचारून घेता येते. परंतु न विचारल्यास सांगितली जात नाही. कार्डावरील गळतीचा हिशेब तर वेगळ्याच ठिकाणी असतो.

याचा परिणाम गंभीर आहे. क्रमांकावरून गळती ओळखून तेवढी जागा रिकामी ठेवली, तर निरीक्षणाची किंचित हानी होते. ती ओळखली नाही, तर त्या अँटेनाचे पुढील सर्व नमुने सरकतात, भिन्न क्षणांची तुलना होते आणि सहसंबंध नाहीसा होतो.

पडताळणी ही अंतिम प्रोग्रॅमचीच जबाबदारी आहे, असा प्रतिवाद करता येईल. साल्ट्झर, रीड व क्लार्क यांच्या १९८४ मधील मांडणीचा त्यास आधारही आहे. परंतु जबाबदारी सोपविणाऱ्याने सूचना देणेही अपेक्षित आहे.

निष्कर्ष :
अतिभाराखाली गळती अटळ असू शकते. अज्ञात गळती मात्र अटळ नाही. म्हणून महाविद्यालयीन प्रयोगशाळेत केवळ वेग न मोजता पाठविलेली, कार्डावर गळलेली, बफरमध्ये गळलेली आणि प्रोग्रॅमला मिळालेली पॅकेट यांचा ताळेबंद विद्यार्थ्यांकडून मांडून घेणे आवश्यक ठरते.