पाच घातले, सहा खाल्ले

वेंगुर्ल्याच्या माणसाने फुटबॉलवर मत द्यावे की नाही, हाच मुळात वादाचा प्रश्न आहे. आमच्याकडे मैदान म्हटले की तीन स्टंपा, टेनिसचा चेंडू आणि माइकवरून घसा फोडणारा समालोचक एवढेच डोळ्यांपुढे येते. पण तेरेखोलची खाडी ओलांडली की देवच बदलतो. तिथे पोर चालायच्या आधी लाथ मारायला शिकते. आणि गोवा आम्हाला इतका जवळ, की तिथला आनंद एखाद वेळी वाटेत रेंगाळेल, पण दुःख मात्र त्याच रात्री आमच्या ओटीवर येऊन बसते.

ते येते तात्यांच्या रूपाने. तात्या आमचे शेजारी. काजूची बाग, म्हापशाला दिलेली बहीण, आणि २०१४ साली एफसी गोवा हा संघ निघाल्यापासून बहिणीपेक्षा जास्त काळजी त्या संघाची. त्यांचा सिद्धांत सोपा आहे. "अरे, गोल घालूक येतत मां? मगे खाल्ल्यांनी तर खाल्ल्यांनी! एक ज्यास्त घातलो की झाला!"

माझा सिद्धांत याच्या नेमका उलट. आणि तो फुटबॉलमधून नव्हे, गडग्यातून आलेला आहे. चिऱ्यांचा गडगा शंभर हात धड असला आणि एक हात ढासळलेला असला, तर म्हैस सरासरी काढत बसत नाही. ती त्या एका हातातून आत शिरते आणि कलमे खाऊन जाते. बचाव फळीचेही तेच. ती वाईट असली तरी एक वेळ चालेल, निदान माणूस तयारीत राहतो. पण आज भिंत आणि उद्या चाळण अशा बचावावर कुणी कशाचा हिशेब मांडायचा?

पुरावा म्हणून मी नेहमी २० डिसेंबर २०१५ची तारीख काढतो. ती काढली की तात्या पान लावायला घेतात. त्या दिवशी फातोर्ड्याला इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना होता, गोवा विरुद्ध चेन्नईयन. ८७व्या मिनिटाला गोवा २–१ने पुढे. राहिली तीन मिनिटे आणि वर जो काय फुकटचा वेळ मिळेल तो. एवढ्या वेळात आमच्याकडे चहासुद्धा उकळत नाही. पण तेवढ्यात एक स्वयंगोल झाला, मग मेंडोझाचा गोल झाला, आणि करंडक २–३ने चेन्नईला गेला. याच संघाने महिनाभर आधी मुंबईला सात गोल घालून एकही खाल्ला नव्हता! सातातले दोन शिल्लक ठेवायची सोय असती, तर आज इतिहास वेगळा झाला असता.

त्या वेळी गोव्याचे प्रशिक्षक होते झिको. हे झिको १९८२च्या विश्वचषकात ब्राझीलच्या त्या देखण्या संघात खेळले होते. इटलीशी नुसती बरोबरी केली असती तरी ब्राझील पुढे जात होते. पण २–२ झाल्यावरही मंडळी पुढेच धावत राहिली, पावलो रॉसीने तिसरा गोल मारला आणि सामना ३–२ने गेला. तेहतीस वर्षांनी माणूस फातोर्ड्याला येतो आणि तोच आकडा पुन्हा बघतो. दशावतारात संकासुर ठरल्या वेळी यायचाच, तसा हा आकडा झिकोंच्या मागे येत असावा.

पुढे २०१७मध्ये लोबेरा नावाचे स्पॅनिश प्रशिक्षक आले आणि तात्यांना सुवर्णयुग लागले. बेंगळुरूला ४–३, केरळला ५–२. कोरो नावाच्या गृहस्थाने त्या एकाच मोसमात अठरा गोल केले. पण लीगमध्ये ४२ गोल घालणाऱ्या या संघाने २८ खाल्लेही; आणि उपांत्य फेरीत चेन्नईने त्यांना परतीच्या सामन्यात ३–०ने घरी पाठवले.

इथे मला टीकाकार म्हणून न्यायाने बोलायला हवे. दोष एकट्या बॅकांचा नव्हता. लोबेरांच्या पद्धतीत गोलीसुद्धा चेंडू लांब न भिरकावता पायाने खेळवायचा, आणि दोन्ही बाजूंचे बॅक पार पुढे चढायचे. मागे उरायचे दोघे आणि अर्धे मैदान. लग्नघरात मांडवासाठी दारे काढून नेली, आणि मग कुत्रे आत शिरले म्हणून दारात बसलेल्या म्हाताऱ्याला शिव्या घातल्या, तशातला हा प्रकार. गळती हा अपघात नव्हता; ती त्या गोलांची किंमत होती.

ही किंमत परवडते का? लीगमध्ये परवडते. २०१९–२०च्या मोसमात गोव्याने अठरा सामन्यांत ४६ गोल केले, २३ खाल्ले, आणि पहिला क्रमांक मिळवून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये मजल मारली. लीग म्हणजे महिन्याचा पगार. एखाद्या दिवशी खिसा फाटका निघाला तरी तीस तारखेला जमाखर्च जुळतो. पण बाद फेरी म्हणजे मुहूर्त. त्याच मोसमात उपांत्य फेरीत चेन्नईत १–४ अशी हार झाली. फातोर्ड्याला मग गोव्याने जिवाच्या आकांताने चार गोल घातले, पण दोन खाल्ले. एकूण पाच घातले, सहा खाल्ले. त्या रात्री तात्यांनी "एक ज्यास्त" हा शब्द उच्चारला नाही.

मात्र तात्या हरणारे नव्हेत. "आणि एकोणीसची फायनल? थंय कोण चुकलो?" मार्च २०१९, मुंबई, प्रतिस्पर्धी बेंगळुरू. बचाव ११६ मिनिटे अभंग राहिला. गोल घालणाऱ्यांनी मात्र एकही घातला नाही. ११७व्या मिनिटाला कॉर्नरवर राहुल भेकेने डोके लावले आणि सामना संपला. भेके म्हणजे मुंबईचा मराठी माणूस, आणि तोसुद्धा बॅक! पुढच्याच महिन्यात सुपर कप मात्र गोव्याने २–१ने जिंकला. म्हणजे माझा सिद्धांतही गडग्यासारखाच, मधे मधे ढासळलेला.

तरी माझे मत हे असे: लहरी बचावाने सामने जिंकता येतात, भरपूर येतात, पण कोणता सामना हरायचा, हे मग तो बचाव ठरवतो. आणि तो नेमका मोठाच निवडतो.

यावर तात्यांचे खरे उत्तर मला २०२१च्या एप्रिलमध्ये मिळाले. आशियाई स्पर्धेत कतारच्या अल रय्यानविरुद्ध गोव्याचा बचाव अभेद्य राहिला, ०–०. लगेच अबुधाबीच्या अल वहदाविरुद्धही ०–०. भारतीय क्लबला त्या गटात मिळालेले ते पहिले गुण! मी अभिमानाने वळून पाहिले, तर तात्या आरामखुर्चीत झोपलेले.

जाताना ते नेहमीप्रमाणे आमच्या दोघांच्या मधल्या गडग्याच्या खिंडीतून गेले. गेली कित्येक वर्षे ती खिंड बुजवायचे आमचे ठरते आहे. म्हैस तिथूनच येते हे खरे. पण तात्याही तिथूनच येतात.