‘भारी’ या शब्दाचे दोन अर्थ आणि एका चित्रपटाचा प्रेक्षकवर्ग

मराठी चित्रपटाच्या समीक्षेत प्रेक्षकांच्या मताला अभ्यासविषयाची प्रतिष्ठा क्वचितच मिळते. चित्रपट चालला तर ‘लोकांना आवडला’ एवढ्या एका वाक्यात त्या मताची वासलात लावण्याची रीत आहे. ३० जून २०२३ रोजी प्रदर्शित झालेल्या केदार शिंदे दिग्दर्शित ‘बाईपण भारी देवा’ या चित्रपटाच्या बाबतीत ही रीत विशेष अपुरी ठरते. परस्परांपासून दुरावलेल्या सहा सख्ख्या बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेच्या निमित्ताने एकत्र येतात, एवढेच त्याचे कथासूत्र. परंतु तो पाहावयास स्त्रिया जथ्याजथ्याने आल्या, नऊवारी नेसून आणि नथ घालून आल्या, आणि कित्येक ठिकाणी खेळ संपल्यावर पडद्यासमोरच्या मोकळ्या जागेत त्यांनी फुगड्या घातल्या. उत्पन्नाच्या दृष्टीने ‘सैराट’च्या (२०१६) खालोखाल ज्या मराठी चित्रपटांचे नाव घेतले जाते, त्यांत तो जाऊन बसला. फुगडी हे मत नव्हे, असा आक्षेप येथे कोणी घेईल. पण ते मत नसेल, तर वृत्तपत्रातील चार तारकांना तरी मत का म्हणावे?

प्रतिकूल मतेही उपेक्षणीय नाहीत. वाटणीपत्रातील हिश्शांप्रमाणे सहा दुःखे सहा बहिणींना वाटून दिली आहेत, त्यामुळे एकही दुःख खोलवर जात नाही, ही तक्रार रास्तच आहे. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. ज्या परंपरेने या स्त्रियांना जखडले, तिच्याच एका व्रतात त्यांची सुटका शोधावयाची, हे कसे, असा तिचा आशय. यातील व्रत आणि खेळ यांची गल्लत मात्र मान्य करता येत नाही. मंगळागौरीचे व्रत प्राधान्याने उच्चवर्णीय घरांतले. फुगडी आणि झिम्मा यांचे तसे नाही. नागपंचमी, गौरी, भोंडला अशा निमित्तांनी हे खेळ मराठी समाजाच्या फार मोठ्या भागात खेळले गेले आहेत. प्रेक्षागृहातील प्रतिसाद या खेळांना होता, पूजेला नव्हे.

मतभेदाचे मूळ शीर्षकातच आहे. ‘भारी’ म्हणजे जड, ओझ्याचे. आणि आजच्या बोलीत ‘भारी’ म्हणजे उत्तम, झकास. या दोन अर्थांना जोडणारा दुवा ‘भारी लुगडे’ या प्रयोगात सापडतो. जरीच्या वजनाने जड, म्हणून मोलाचे, म्हणून मिरवण्याजोगे, असा हा अर्थप्रवास दिसतो. ‘देवा’ हे संबोधनही तसेच दुहेरी आहे. गाऱ्हाणे घालतानाही ते येते आणि धन्यता मानतानाही. ‘बाईपण’ या शब्दाचा प्रत्ययही लक्षात घेण्याजोगा आहे. ‘-पण’ अवस्था दाखवितो (बालपण, म्हातारपण), तर ‘-पणा’ बहुधा स्वभाव किंवा वर्तन (भोळेपणा, चोंबडेपणा). शीर्षक दोष वा गुण सांगत नाही, अवस्था सांगते. ज्यांनी ती अवस्था ओझे म्हणून वाचली, त्यांना चित्रपटाचा आनंदी शेवट फसवा वाटला. ज्यांनी ती मिरवण्याजोगी म्हणून वाचली, त्यांना त्यातील रडणे लांबले असे वाटले. बहुसंख्य स्त्रियांनी मात्र दोन्ही अर्थ एकाच वेळी घेतले आणि खरोखरच भारी साड्या नेसून त्या चित्रपटाला गेल्या.

येथे एका अमेरिकन चित्रपटाची तुलना उद्बोधक ठरेल. ड्रू बॅरीमोर यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट ‘व्हिप इट’ २००९ साली आला. पटकथा शॉना क्रॉस यांनी आपल्याच कादंबरीवरून लिहिली. टेक्सासमधील एका लहान गावची सतरा वर्षांची ब्लिस आईच्या हट्टापायी सौंदर्यस्पर्धांत उभी राहते, आणि घरी न सांगता ऑस्टिनला जाऊन रोलर डर्बीच्या संघात सामील होते. चाकांचे बूट घालून लंबवर्तुळाकार मार्गावर खेळावयाचा हा धसमुसळा खेळ. प्रतिपक्षाच्या जितक्या खेळाडूंना मागे टाकावे, तितके गुण. ‘व्हिप’ म्हणजे सहकारी खेळाडूने हात धरून दिलेला झोका. स्वतःचा वेग खर्चून ती दुसरीला पुढे भिरकावते. फुगडी घातलेल्या कोणाही स्त्रीला हे तत्त्व वेगळे समजावून द्यावे लागणार नाही. हा चित्रपट समीक्षकांनी वाखाणला, पण तिकीटखिडकीवर तो फिका पडला. प्रत्यक्ष डर्बी खेळणाऱ्या स्त्रियांनी त्याला आपले म्हटले खरे, पण त्यातील कोपरखळ्या व ठोसे नियमात बसत नाहीत, अशी कुरकुरही केली. हे जाणकाराचे मत होय, आणि मंगळागौर खेळणारे स्त्रियांचे संच आपल्या चित्रपटाविषयी असेच बोलतात.

दोहोंतील खरा फरक नावाचा आहे. डर्बीतील खेळाडू स्वतःला नवे नाव घेते. ब्लिसचे मैदानावरचे नाव ‘बेब रूथलेस’, म्हणजे बेब रूथ या विख्यात बेसबॉलपटूच्या नावावर केलेली कोटी. मराठीत स्त्रीच्या संदर्भात ‘नाव घेणे’ याचा रूढ अर्थ उखाण्यात पतीचे नाव घेणे असा आहे, आणि तिचे स्वतःचे नाव लग्नात तांदळांवर लिहून बदलण्याची चाल अनेक घरांत होती.

‘व्हिप इट’ ज्या प्रकारात मोडतो, त्याला मराठीत शब्दच नाही. ‘वयात येणे’ म्हणावे, तर मुलीच्या बाबतीत तो वाक्प्रचार थेट ऋतुप्राप्तीकडे जातो. ‘पदर येणे’, ‘शहाणी होणे’ यांचेही तेच. मुलगा मात्र ‘कळता’ होतो, ‘हाताशी’ येतो. चित्रपटांतही हेच चित्र दिसते. ‘शाळा’, ‘फँड्री’, ‘किल्ला’ हे तिन्ही उत्तम चित्रपट आहेत, आणि तिन्ही मुलांचे आहेत. मुलीची ती गोष्ट मराठी पडद्याने जणू पन्नाशीपर्यंत पुढे ढकलली. यातला विरोधाभास असा, की मंगळागौर हा मुळात मुलींचाच खेळ. श्रावणातल्या मंगळवारी नवविवाहितेने ती पुजावयाची, आणि एकोणिसाव्या शतकात ही नवविवाहिता बहुधा परकरी पोर असे. सासरी जागरणाची, हसण्याओरडण्याची मुभा असलेली ती एक रात्र. चित्रपटातील प्रौढ बहिणी ती रात्र उशिराने वसूल करतात, म्हणूनच प्रौढ प्रेक्षक इतक्या हेलावल्या.

खराडीसारख्या उपनगरात हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही. माहिती-तंत्रज्ञानाच्या कचेऱ्यांभोवती उभ्या राहिलेल्या तेथील गृहसंकुलांत श्रावणात मंगळागौरीचे कार्यक्रम होतात. सभागृहात झिम्मा रंगतो, तर खाली वाहनतळाच्या मोकळ्या फरशीवर लहान मुली गुडघ्यांना पट्टे बांधून स्केटिंग शिकतात. दहावीचे वर्ष जवळ आले, की बहुतेकींचे चाकांचे बूट माळ्यावर जातात. त्याविषयी चित्रपट निघालेला नाही. ‘बाईपण’ पाहावयास आयांबरोबर यांतल्या काही मुलीही गेल्या असतील. त्यांच्या पिढीच्या बोलीत ‘भारी’ हा शब्द जवळजवळ एकाच अर्थाने येतो.